बोंडांसकट पऱ्हाटी

आमच्या गावात विटांचे घर बांधणे सोपे, टिकवणे कठीण. गाव भातकुलीच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी खारट. त्या पाण्यात कालवलेल्या सिमेंटच्या भिंतीला दोन-तीन पावसाळ्यांत पांढरा लोणा फुटतो आणि गिलावा पापुद्र्यांनी खाली येतो. जमीन काळी, उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि तिच्यासोबत घरही हलते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या स्वयंपाकघराला कुडाच्या भिंती होत्या, तुरीच्या काड्या विणून वर शेणमाती लिंपलेल्या. त्या कधी तडकल्या नाहीत. पुढे सगळ्यांनी कूड पाडून विटा रचल्या, आम्हीही रचल्या, आणि मग सगळेच गिलाव्याचा भुगा झाडत बसलो.

शालिकराम हे माझ्या यजमानांचे चुलत भाऊ. यजमान गेले, मी अमरावतीत एकटी राहते, पण पोळ्याला भाऊजी मला न्यायला येतात, तो नेम त्यांनी सोडला नाही. त्यांचे सारे आयुष्य अकोटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेले, कापसाच्या गाठी दाबण्याच्या यंत्रावर. कापूस दाबला की किती लहान होतो, याचे त्यांना म्हातारपणापर्यंत नवल. "खोलीभर कापूस, वहिनी," ते हात पसरून सांगत, "अन् दाबला का तुमच्या ट्रंकेएवढा."

तो कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रे भंगारात निघाली. भाऊजींनी त्यातला एक जुना दट्ट्या मागून घेतला आणि मालट्रकमधून घरी आणला. त्यांची बायको कौशल्या दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली. "लोकं नोकरीवरून येतात त सोनं आनतात, यानं लोखंड आनलं बाप्पा!"

त्या दट्ट्याला त्यांनी वर-खाली लोखंडी तवे बसवले, खाली भट्टी केली, आणि कापसाच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, कुटून त्याचे तक्ते दाबायला लागले. पूर्वी पऱ्हाटी चुलीत जायची. घरोघरी गॅस आला तशी ती वावरातच पेटवून देऊ लागले. भाऊजींनी ती मागून आणली, कडबा कापायच्या कुट्टी मशीनमधून काढली, मधून मधून अंबाडीच्या वाखाचे थर आडवे-उभे घातले, प्लायवूडवाले वापरतात तसले रेझिन ओतले आणि गरम दाबून काढले. पहिले तक्ते पापडासारखे मोडले. नंतरचे मोडायचे थांबले. त्यांना लोणा लागत नाही, घर हलले की तेही थोडे वाकतात आणि परत सरळ होतात. गावात एकेका घराच्या आतल्या भिंतीला तक्ते लागले, मग समाजमंदिराला लागले. माझ्या अमरावतीच्या मागच्या खोलीलाही त्यांनी स्वतः येऊन लावून दिले. मी शेजारणींना बोलावून दाखवायचे. "आमच्या दिरांनी केलेत."

भाऊजी मुळात संकोची. चारचौघांत जेवायलाही लाजणारे. पण अकोल्याहून कॉलेजातली माणसे तक्ते पाहायला यायला लागली, त्यांना 'सर' म्हणायला लागली, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि मी पाहिले की त्यांना ते आवडू लागले होते. त्यात वाईट काय? आयुष्यभर त्यांना कुणी नावानेही नीट हाक मारली नव्हती.

तक्ता मजबूत कशामुळे झाला, हे ते कुणालाही मोकळेपणाने सांगत. पऱ्हाटीला शेवटी जी न फुटलेली, किडकी, अर्धवट बोंडे राहतात ती बाया झाडून टाकतात, कारण सुकलेले बोंड हाताला टोचते. भाऊजींनी सांगितले, झाडू नका. बोंडाची साल कडक असते, तिने तक्त्याला टणकपणा येतो; आत अडकलेला कापूस तंतू धरून ठेवतो. "बोंडासकट आना," ते सगळ्यांना म्हणत. आणि सगळे आणत. मार्चपासून गावाच्या पऱ्हाट्यांचा ढीग गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत घरापेक्षा उंच रचला जाई आणि दिवाळीपर्यंत थोडा थोडा संपत जाई.

त्या जागेला लागूनच चंद्रभानचे वावर.

चंद्रभान तोंडाचा तिखट माणूस. त्याची एक जुनी खोड गावाला माहीत होती: कापसाची शेवटची वेचणी झाली की बाकीचे पऱ्हाटी उपटतात, हा तिला पाणी देऊन आणखी दोन महिने ठेवायचा आणि फरदडीचा कापूस काढायचा. फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळीला मधल्या काळात घर मिळते आणि पुढल्या हंगामात ती सगळ्या शिवारात पसरते. गावाने त्याला पुष्कळ शिव्या दिल्या, आणि त्याने फरदड सोडलीही. पण सोडली हे कुणी लक्षात ठेवले नाही.

या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी साधना नावाची कृषी सहायक मुलगी भाऊजींच्या ढिगापाशी आली. चांगली, मोकळ्या मनाची पोरगी. म्हणाली, "काका, बोंडं तशीच आहेत यात. अळी कोषात बसलेली असते बोंडात. ढीग झाकून ठेवा, आणि हे कामगंध सापळे लावते, काही दिसलं तर मला फोन करा." तिने ढिगाच्या दोन बाजूंना काठ्या रोवून सापळे लटकवले. त्यात एक वासाची गोळी असते, तिच्या नादाने नर पतंग येऊन अडकतात.

पतंग आले. रोज सकाळी सापळ्याची पिशवी करड्या पतंगांनी भरलेली असे. आणि त्याच आठवड्यात अकोल्याहून मोठी मंडळी तक्ते पाहायला येणार होती. भाऊजींनी सापळे काढून घराच्या माळ्यावर टाकले. साधनाला फोनवर सांगितले, वाऱ्याने उडाले. पाहुणे आले, ढिगापुढे उभे राहून फोटो काढले, भाऊजींना शाल दिली.

ही हकीकत तेव्हा मला ठाऊक नव्हती. मला कळले ते पोळ्याच्या आदल्या दिवशी, माझ्याच घरात.

ते नेहमीप्रमाणे मला न्यायला आले. मी चहा ठेवला. मागच्या खोलीत गेले तर ते खुर्ची फिरवून, भिंतीकडे पाठ करून बसलेले.

"भाऊजी, तुमच्याच तक्त्यांवर रुसलात की काय?"

"वहिनी, चहा नको मले."

आणि मग त्यांनी सांगितले. चंद्रभानच्या पऱ्हाटीत, यंदाच्या उभ्या कापसात, डोमकळ्या दिसायला लागल्या होत्या. अळी फुलात शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींना चिकटून कळीसारख्या मिटून राहतात, ती डोमकळी. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त चंद्रभानच्याच वावरात, धुऱ्याकडच्या तासांमध्ये, म्हणजे ढिगाकडच्या बांधालगतच्या ओळींत. गाव पेटून उठले. समाजमंदिरात बैठक झाली. माजी सरपंच रामराव म्हणाले, यानेच फरदड चारून अळी पोसली, आता पोळा झाला की त्याच्या उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर घाला, म्हणजे पुढे पसरणार नाही आणि त्यालाही अक्कल येईल. साधनाने सांगून पाहिले की अजून वेळ आहे, डोमकळ्या वेचून जाळल्या तरी पीक वाचेल. पण लोकांना पीक वाचवायचे नव्हते, चंद्रभानला धडा शिकवायचा होता.

"अन् चंद्रभान?"

"तो वरडला. म्हने, मी दोन साल झाले फरदड ठेवली नाई. कोनी आयकलं नाई. लोकं हासले." भाऊजी हाताची नखे पाहत होते. "मंग रामरावनं मले इचारलं. शालिकभाऊ, तुमी जानते मानूस, तुमचं काय म्हननं हाये?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलो, पंचाइले पटन ते."

चहा उतू जाऊ लागला, मी गॅस बंद करून आले.

"ते आळी माह्या ढिगातली हाये, वहिनी. मी सापळे काहाळून माळ्यावर टाकले. पतंग डोयानं पाह्यले मी. पोतंभर असतीन."

मी नन्सच्या शाळेत शिकले. आमच्या वर्गातल्या ख्रिश्चन मुली ठरावीक दिवशी चॅपेलमध्ये जाऊन पाद्र्याला आपली पापे सांगून यायच्या आणि बाहेर येताच हलक्या होऊन खो-खो खेळायच्या. मला त्यांचा हेवा वाटे. पण भाऊजी हलके झाले नव्हते, आणि मी काही पाद्री नव्हे. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या मागे भिंतभर त्यांचे तक्ते, ज्यांच्यापुढे मी शेजारणींना उभे करत असे.

"मग जाऊन सांगा," मी म्हटले.

"सांगतो. पन तोंड उघडत नाई."

"उद्या पोळा आहे. सगळे गाव एका जागी असेल."

"म्हूनच त," ते म्हणाले.

पोळ्याच्या दिवशी दुपारी गावाच्या मैदानात तोरण बांधले. बैल धुऊन, शिंगे रंगवून, पाठीवर झुली घालून रांगेत उभे. ट्रॅक्टर आले तरी आमच्याकडे पोळ्याला बैल दिसतातच. आणि पोळा म्हटला की झडत्या. ज्याला जे जमेल त्याने चार ओळी जोडाव्यात, खणखणीत आवाजात म्हणाव्यात, आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करावा. झडतीत कुणाचीही उतरवावी, सरपंचाची, मास्तरची, सासऱ्याची. त्या दिवशी कुणी रागावायचे नसते.

तोरणाखाली उभे राहण्याचा मान या वर्षी भाऊजींना दिला होता. फेटा बांधून, कपाळाला गंध लावून ते उभे होते, पण चेहरा आजाऱ्यासारखा. चंद्रभान दूर कोपऱ्यात आपल्या जोडीची वेसण धरून होता. त्याच्या बाजूला दोन्हीकडे मोकळी जागा सुटली होती.

रामराव पुढे आले. वय झाले तरी आवाज ढोलासारखा.

"काळी माती, निळं आभाळ,
फरदडीनं केला घोटाळ!
आळी जन्मली कोनाच्या वावरात?
नाव नका घेऊ, तो उभा कोपऱ्यात!
हर बोला हर हर महादेव!"

गजर झाला. हशा असा उसळला की बैल बिचकले. चंद्रभानने मान खाली घातली नाही, वेसण मात्र हाताला आणखी एक वेढा देऊन धरली. त्याची म्हातारी आई गोदाबाई आम्हा बायकांमध्ये उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिले नाही. सगळ्यांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिले.

मी भाऊजींकडे पाहत होते. आता बोलतील, असे वाटले. ते बोललेही. पण साधे बोलणे त्यांच्याच्याने झाले नाही. त्यांनी एक हात वर केला, आणि आयुष्यात कधी झडती न म्हटलेल्या माणसाने झडती म्हटली.

"पऱ्हाटी आनली बोंडासकट,
तक्ता झाला लय बळकट!
तक्त्यानं केलं गावाचं नाव,
ढिगानं खाल्लं सारं गाव!
चोर कोन हे पुसता काहून?
तोरणाखाली उभा मी न्हाऊन!
हर बोला हर हर महादेव!"

सगळ्यांनी गजर केला. आणि मग आधीच्याहून मोठा हशा.

"वा रे शालिकभाऊ!" कुणी ओरडले. "इतके दिवस हा लपवून ठेवला होता का गळा?"

रामरावांनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "माह्यापेक्षा भारी जोडली लेका! स्वतःचीच उतरवली! याले म्हनतात मानूस!"

"खरं सांगून राहिलो, रामराव."

"हो ना! खरंच त हाये! तक्ता बळकटच हाये!"

पुन्हा गजर. तोरण तुटले, बैल धावले, धूळ उडाली. भाऊजी फेटा सावरत तिथेच उभे राहिले. खरे बोलायला त्यांनी जी जागा निवडली होती तिथे बोललेले कुणीच खरे धरत नाही, हे त्यांना म्हटल्यावर कळले.

संध्याकाळी गोदाबाई ताट घेऊन आली. वर रुमाल, खाली पुरणपोळ्या. म्हातारी उंबऱ्याशीच थांबली.

"चंद्रभाननं पाठवलं. म्हने, साऱ्या गावात एकटा शालिकभाऊ माह्या बाजूनं बोलला. आंगावर घेतलं म्हने, माह्यासाठी. तुले औक्ष लागो रे बाबा."

ती गेली. भाऊजी ताटाकडे पाहत बसले. कौशल्या स्वयंपाकघरातून उठून आली.

"काय घेतलं तुमी आंगावर?"

त्यांनी सांगितले. सापळ्यांचेही सांगितले. कौशल्या माळ्याकडे बघत राहिली. घरातल्या माळ्यावर काय आहे तेही बायकोला ठाऊक नसावे, याचा राग तिच्या तोंडावर मला आधी दिसला, बाकीचे मागाहून.

"अन् तुमी कविता म्हनली?"

"झडती."

"तेच थे." तिने ताट उचलून त्यांच्या हातात दिले. "हे आपल्याच्यानं गिळवनार नाई. जा. तोंडानं सांगून या. वहिनी, तुमी जा यायच्यासंग, नाई त हे वाटेतून पलटतीन."

मी गेले. चंद्रभान अंगणात बैलांना पोळी चारत होता. भाऊजींना पाहून त्याने खाट पुढे ओढली. मी त्याला कधी हसताना पाहिले नव्हते, तेव्हा हसला. भाऊजी बसले नाहीत. ताट हातात घेऊनच म्हणाले, एका दमात, की ते झडतीतले खरे होते, अळी माझ्या ढिगातली, पोरीने सापळे लावून दिले होते ते मी पाहुण्यांची लाज वाटून काढून टाकले, बैठकीत मला बोलता आले असते आणि मी बोललो नाही.

चंद्रभानचे हसू लगेच गेले नाही, ते विसरून तोंडावर राहिले. मग त्याने बैलाच्या तोंडासमोरची उरलेली पोळी खाली ठेवली.

"रामरावनं भरल्या पोयात माह्या मायदेखत मले आळी म्हनलं," तो हळू म्हणाला. "तू तोरणाखाली उभा होता."

"हो."

"परवा टॅक्टर येनार हाये."

"म्हूनच आलो. माह्या वावरातली यंदाची सारी वेचनी तुही. एक बोंड बी घेत नाई मी."

"तुहा कापूस नको मले!" आता आवाज चढला. गोदाबाई दारात आली. "मले काहून सांगून राहिला हे? मी नाई केलं, हे मले ठाऊकच होतं! ज्याइले ठाऊक नाई त्याइले सांग! अन् गानं म्हनू नको!"

गोदाबाईने पुढे येऊन भाऊजींच्या हातातले ताट घेतले. आत नेऊन ठेवले.

दुसरा दिवस कर. त्या दिवशी कामे बंद असतात, सगळे घरी सापडतात. भाऊजी सकाळी आंघोळ करून निघाले, काखेत ते दोन सापळे. मी आणि कौशल्या मागून. मी मुद्दाम गेले. त्यांना एकट्याने जाऊ देणे मला बरे वाटले नाही, आणि सोबत जाणेही सोपे नव्हते. ज्या घरात जावे तिथे समोरच्या भिंतीला त्यांचेच तक्ते. तक्त्यांकडे तोंड करून भाऊजींना बसावे लागे आणि तेच शब्द पुन्हा म्हणावे लागत. काही घरांत आधी चहा यायचा. तो ते पीत नसत, मग घरातल्यांना वाटे काही दुःखाची बातमी आहे.

प्रत्येक घरी वेगळे. एकाने सापळा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "मंग पोरगी बरोबर सांगत होती म्हना." एका बाईला सगळ्यात आधी भलतीच काळजी पडली: "अन् मंग हे तक्ते काहाळून नेता का आता? भितीतून आळी निंघन का?" भाऊजींनी तिला समजावले की दाबताना तवे इतके तापतात की आत काही जिवंत राहत नाही, जे निघाले ते आधीच, ढिगातून निघाले. एका म्हाताऱ्याने मात्र तोंड फिरवून घेतले. "आमाले बोंडासकट आना म्हनलं, आमी आनलं. आता आमाले बी चोर करतं का?" भाऊजी म्हणाले, "नाई काका. तुमी आनलं, ठेवलं मी." आम्ही उठलो तेव्हा म्हाताऱ्याने राम राम घेतला नाही.

रामरावांचे घर शेवटी ठेवले होते. ते ओसरीवर सुपारी कातरत बसलेले.

"या कविराज!"

"रामराव, झडती नाई. आयका." आणि त्यांनी सांगितले.

रामराव अडकित्ता तसाच धरून होते. "सापळे तू काहाळले? काहून बे?"

"पाव्हने येनार होते. पतंगानं भरले होते. लाज वाटली."

"अन् आता?"

"आता तिच्याहून जास्त वाटून राहिली."

रामराव माझ्याकडे पाहू लागले, जणू मी हे खोटे आहे असे सांगावे. मी खरे आहे म्हणून मान हलवली. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा बदलला, आणि मला त्यांचीही दया आली.

"मी भरल्या पोयात बोललो त्याले," ते म्हणाले. "म्हातारी उभी होती तथी. आता मी काय करू सांग, शालिक? मले काहून नाई सांगितलं त्या दिवशी? मी इचारलं होतं तुले! सगयाइच्या समोर इचारलं होतं!"

भाऊजींनी काखेतले सापळे ओसरीवर ठेवले. कौशल्या पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहत होती.

ठरलेल्या सकाळी ट्रॅक्टर आला नाही. त्याऐवजी बाया आल्या, कमरेला ओट्या बांधून. साधना तालुक्याहून आली, डोमकळी कशी ओळखायची ते तिने तासाच्या सुरुवातीला उभे राहून दाखवले, उगाच चांगली फुले तोडू नका म्हणून बजावले. कौशल्या पहिल्या तासात शिरली. मीही धुऱ्यापर्यंत गेले. माझे गुडघे आत जाऊ देत नाहीत. चंद्रभान कडेला हात बांधून उभा होता, आपल्याच वावरात पाहुण्यासारखा.

रामराव काठी टेकत आले. चंद्रभानच्या जवळ जाऊन खालच्या आवाजात काही पुटपुटले.

"काय?" चंद्रभान म्हणाला.

"म्हनलं, परवा मी जे बोललो थे..."

"पोयात ढोलावानी बोलले, अन् धुऱ्यावर मच्छरावानी काहून बोलता? बायाइले आयकू येऊ द्या."

रामरावांनी घसा साफ केला. आणि खरोखर मोठ्याने बोलले, सगळे तास थांबतील असे: "चंद्रभाननं फरदड ठेवली नव्हती! मी खोटं बोललो! माह्या चुकीनं बोललो!" मग त्यांना आणखी काही सुचले नाही. सवयीने त्यांनी शेवटी महादेवाचे नाव घेतले, आणि दोन-चार बायांनी सवयीने गजरही केला. गोदाबाई हसली. त्या दोन दिवसांत तिला हसताना मी तेव्हाच पाहिले.

भाऊजी हे सगळे होईपर्यंत मागे उभे होते. मग त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचले आणि तासात पाय ठेवला.

"तू नाई," चंद्रभान म्हणाला.

"वेचू दे मले."

"बाकीच्याइनं वेचावं. तू माह्या वावरात पाय ठेवू नको."

भाऊजींनी पाय मागे घेतला. परत जातील असे मला वाटले. पण ते धुऱ्यावरच राहिले. बाया ओट्या भरून आणत, ते त्या दोन्ही हातांनी घेत, खड्ड्यात टाकत आणि पेटवत. ओल्या फुलांना आग लवकर लागत नाही. ती लागावी म्हणून ते आपल्या ढिगातून पऱ्हाट्या उपसून आणत, बोंडांसकट, आणि खाली घालत. धूर डोळ्यांत जाई. मी त्यांना सावलीत या म्हटले, ते आले नाहीत. साधना एकदा त्यांच्यापाशी थांबली. "काका, फोन केला असता तर..." एवढेच म्हणाली आणि पुढे गेली. ते तिच्याकडे वर पाहू शकले नाहीत. दुपारी बाया भाकरी खायला बसल्या तेव्हा त्या धुऱ्याच्या अलीकडे, हे पलीकडे. कौशल्याने आपली भाकर त्यांना नेऊन दिली आणि परत येऊन बायांमध्ये बसली.

ऊन कलले तरी अर्धेच वावर झाले होते. बाया निघाल्या. चंद्रभान तास पाहत पाहत शेवटपर्यंत आला, खड्ड्यातली राख पायाने पसरून तिच्यात काही वळवळते का ते पाहिले. भाऊजी उभे राहिले. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"उद्या बी येजो," चंद्रभान म्हणाला.

"वावरात येऊ?"

"नाई. धुऱ्यावरच."

भाऊजींनी मान हलवली, आणि पेटता राहिलेला एक दांडा काठीने खड्ड्यात ढकलला.